साथीच्या रोगांचा कायदा (१८९७) आणि लोकांची दाद : पुण्याच्या प्लेगवरून कांहीं विचार

(१)

इ. स. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तासाठीं जे उपाय योजण्यांत आले, त्यांविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्या लेखनाचे ढोबळमानानें दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग सरकारी अहवालांचा व त्यांच्या आधारें रचलेल्या इंग्रजी ग्रंथांचा. त्यांत सरकार शास्त्राचा कैवार घेऊन उभें आहे, आणि रयत अज्ञानानें व धर्मभोळेपणानें त्यास आडवी येत आहे, असें चित्र दिसतें. दुसरा वर्ग चरित्रग्रंथांचा. त्यांत प्लेगकमिटी म्हणजे निव्वळ जुलूम, आणि लोकक्षोभ म्हणजे त्या जुलमाचें उत्तर, एवढेंच सांगून लेखणी पुढें स्वातंत्र्याच्या चळवळीकडे वळते. दोन्ही वर्ग आपापल्या जागीं उपयुक्त आहेत. परंतु लोकांना नेमकें काय नको होतें आणि काय हवें होतें, हा साधा प्रश्न दोहोंतहि मागें पडतो.

हा प्रश्न आतां केवळ जिज्ञासेचा राहिलेला नाहीं. ज्या कायद्याच्या आधारें १८९७ सालीं पुण्याच्या घराघरांत झडत्या झाल्या, तोच कायदा ता. १३ मार्च २०२० रोजीं महाराष्ट्र शासनानें कोविडच्या साथीसाठीं पुनः लागू केला. प्लेग हा जंतूचा रोग. कोविड हा विषाणूचा. कारणें निराळीं, काळ निराळा, राज्यकर्ते निराळे. तरी रोग्यांचा आंकडा वाढूं लागला, कीं घराचें दार, बाजाराचें दार आणि गांवाचें दार बंद करण्याचा अधिकार कोणाच्या हातीं असावा, व तो चुकीनें वापरला गेल्यास दाद कोठें मागावी, हा प्रश्न दोन्ही वेळां तोच होता. प्रस्तुत लेखांत या "दादी"च्या अंगानें १८९७ च्या हकीकतीची छाननी करण्याचें योजिलें आहे.

(२)

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. साथीच्या वेळीं मनुष्यांस व स्थळांस निर्बंध घालावे लागतात ही कल्पना इंग्रजांनीं येथें प्रथम आणली, असें पुष्कळ गृहीत धरितात. आपल्या वैद्यकग्रंथांची साक्ष तशी नाहीं. चरकसंहितेच्या विमानस्थानांतील तिसरा अध्याय "जनपदोद्ध्वंसनीय" या नांवाचा आहे. निरनिराळ्या प्रकृतीचीं, आहाराचीं व वयाचीं माणसें एकाच वेळीं एकाच व्याधीनें कां मरतात, असा प्रश्न अग्निवेशानें पुनर्वसु आत्रेयांस केला, व त्यास वायु, उदक, देश आणि काल हीं चार सर्वांस समान असलेलीं कारणें सांगण्यांत आलीं. त्यांच्याहि मुळाशीं अधर्म व प्रज्ञापराध आहे असें आत्रेय म्हणतात. आणि हा अधर्म प्रथम कोणाचा, तर देश, नगर, निगम व जनपद यांच्या मुख्यांचा, हें तेथें स्पष्ट सांगितलें आहे. सुश्रुतानें निदानस्थानांत संसर्गानें पसरणाऱ्या रोगांची यादी दिली असून अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एकत्र शयन, दुसऱ्याचीं वस्त्रें वापरणें हे त्यांचे मार्ग सांगितले आहेत. सूत्रस्थानांत जनपदमारीवर जे उपाय त्यानें दिले आहेत, त्यांत शांतिकर्म, जप, होम हे आहेतच. परंतु त्या यादींत पहिलाच शब्द "स्थानपरित्याग" हा आहे.

या शब्दाचा पुढें उपयोग होणार आहे म्हणून तो येथें मुद्दाम नोंदविला. ग्रंथ न वाचलेल्या खेडुतांसहि ही रीत अनुभवानें ठाऊक झाली. गांवांत उंदीर मरून पडूं लागले, कीं घरें सोडून रानांत अगर माळावर झोपड्या घालून राहावयाचें, हा प्लेगच्या काळांत महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांचा परिपाठ झाला. तात्पर्य, निर्बंध म्हणजे काय हें लोकांस समजत नव्हतें असें नाहीं. कोणी कोणास निर्बंध घालावयाचा व कशा रीतीनें, एवढाच वाद होता.

(३)

मुंबईंत प्लेगचे रोगी मांडवी भागांत प्रथम ओळखले ते डॉ. अकासियु गाब्रिएल व्हिएगस यांनीं. हे मूळचे गोव्यांतील हडफड्याचे. ता. २३ सप्टेंबर १८९६ रोजीं म्युनिसिपालिटीच्या स्थायी समितीपुढें त्यांनीं हा प्लेगच आहे असें सांगितलें. ता. ६ ऑक्टोबर रोजीं म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनीं जाहीरनामा काढून रोग्यांस सक्तीनें इस्पितळांत नेण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला. तीन आठवडे लोटतात न लोटतात तोंच, ता. २९ ऑक्टोबर रोजीं, गिरणीकामगारांच्या सुमारें हजार लोकांच्या जमावानें आर्थर रोडवरील इस्पितळावर हल्ला केला. इस्पितळांत नेलेला मनुष्य परत येत नाहीं, ही समजूत त्याच्या मुळाशीं होती. व रोगी बहुधा अगदीं शेवटच्या अवस्थेंत तेथें पोंचत असल्यानें ती समजूत आंकड्यांनीं खोटी पाडणेंहि कठीण होतें.

जाहीरनाम्याची सक्ती लागलीच सैल करण्यांत आली. तिचें जें कारण कमिशनरांनीं दिलें तें इतिहासदृष्ट्या महत्त्वाचें आहे. सक्ती चालू ठेविल्यास शहरांतील हलालखोर व भंगी काम टाकून निघून जातील, आणि ते गेले म्हणजे मुंबई राहण्यासारखी उरणार नाहीं, ही त्यांची भीति होती. ज्या लोकांचें नांव कोणत्याहि दरबारी कागदांत येत नाहीं, त्यांच्या हातांवर सर्व शहराचें आरोग्य अवलंबून आहे, हें एका साथीनें सर्वांस दाखवून दिलें. त्यांनीं अर्ज केला नाहीं कीं सभा भरविली नाहीं. ते निघून जातील एवढ्या शक्यतेनेंच जाहीरनामा बदलला. दाद मागण्याचा हाहि एक प्रकारच होय. बाकीच्या शहरानेंहि तोच मार्ग धरला. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती सवाआठ लाखांच्या आंत होती. तींतून १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत साडेतीन लाखांवर माणसें शहर सोडून गेलीं. त्यांच्या सामानाबरोबर उंदीर व पिसवाहि गेल्या, हें त्या वेळीं कोणासच कळलें नव्हतें.

(४)

या गोंधळांत बाहेरून दुसरा दाब आला. १८९७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें व्हेनिस येथें युरोपांतील राष्ट्रांची आरोग्यविषयक परिषद भरली. हिंदुस्थानांतील माल व उतारू आपल्या बंदरांत येऊं देऊं नयेत असा तेथील कित्येक राष्ट्रांचा रोख होता. व्यापार बुडूं नये म्हणून सरकारास कडक उपाय केल्याचें जगास दाखविणें भाग होतें. मुंबईहून मक्केची यात्रा त्या सालीं बंद करण्यांत आली ती याच धोरणानें. आणि ता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा पास झाला. कलकत्त्याच्या कायदेकौन्सिलांत तो जॉन वुडबर्न यांनीं मांडला.

हा कायदा मूळांत अवघ्या चार कलमांचा होता. पहिल्यांत नांव व व्याप्ति. दुसऱ्यांत सरकारास वाटतील ते तात्पुरते नियम करण्याची, आगगाडीच्या उतारूंस तपासण्याची व संशयितांस वेगळें ठेवण्याची मुभा. तिसऱ्यांत नियम मोडणारास पिनलकोडाच्या १८८ व्या कलमाप्रमाणें शिक्षा. चौथ्यांत, या कायद्यान्वयें सद्बुद्धीनें केलेल्या कृत्याबद्दल कोणावरहि दावा अगर फिर्याद चालावयाची नाहीं, असें अभय.

या चार कलमांत काय नाहीं, हें पाहणें हें इतिहास वाचणाराचें काम आहे. नियम करतांना कोणाचा सल्ला घ्यावा, तें नाहीं. जाळलेल्या सामानाची भरपाई किती दिवसांत व कोणी द्यावी, तें नाहीं. रोगी नसलेल्या मनुष्यास चुकीनें नेल्यास त्याची सुटका कोणाकडून व्हावी, तें नाहीं. तक्रार कोणापुढें मांडावी, तें नाहीं. सद्बुद्धि होती कीं नव्हती हें कोणी ठरवावयाचें, तेंहि नाहीं. घाईंत केलेल्या कायद्यांत उणीवा राहतात हें खरें. पण येथें अधिकार देणारीं कलमें तेवढीं शाबूत राहिलीं आणि अधिकारास जाब विचारणारें एकहि उरलें नाहीं, याला निव्वळ घाई म्हणतां येत नाहीं.

(५)

पुण्यांत साथ वाढतांच सरकारनें वॉल्टर चार्ल्स रँड या सिव्हिलियन अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालीं प्लेगकमिटी नेमली. रँड हे साताऱ्याकडे असिस्टंट कलेक्टर होते, व वाईच्या प्रकरणामुळें त्यांचें नांव पुण्यांतील वर्तमानपत्रांस आधींच अप्रिय झालेलें होतें. ता. १३ मार्च १८९७ पासून ता. १९ मे पर्यंत झडत्यांचें काम चाललें. त्यावर अधिकारी व शिपाई मिळून सुमारें नऊशें माणसें होतीं, व त्यांत गोऱ्या सोल्जरांचा भरणा मोठा होता. सोल्जर शिस्तीचे, ते लांच घेणार नाहींत, म्हणून त्यांची निवड केली, असें सरकारचें समर्थन होतें. त्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. देशी पोलिसांविषयीं लोकांचाहि अनुभव फारसा चांगला नव्हता. परंतु ज्यास घरांतील माणसांची भाषा येत नाहीं, माजघर कोणतें व देवघर कोणतें हें कळत नाहीं, त्यास आजारी बाई लपविलेली आहे कीं ती पडद्यामुळें आंत आहे हें समजावें कसें?

झडती घेऊन रोगी सांपडल्यास तो इस्पितळांत, त्याच्या घरचीं माणसें सेग्रिगेशन कँपांत, घर धुऊन व धूर देऊन स्वच्छ करावयाचें, सामान जाळावयाचें, अशी पद्धति होती. मृत्यूची नोंद झाल्यावांचून प्रेतसंस्कार करण्याची मनाई होती. यांतील प्रत्येक गोष्टीस त्या वेळच्या वैद्यकाप्रमाणें कारण देतां येत होतें. परंतु बाप इस्पितळांत, आई कँपांत, आणि घराचें दार उघडें, अशी स्थिति झालेल्या कुटुंबास तें कारण समजावून सांगण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

याच महिन्यांत, झडत्यांस आरंभ होण्यापूर्वीं तीन दिवस, ता. १० मार्च १८९७ रोजीं, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें निवर्तल्या. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनीं हडपसरच्या बाजूस ससाणे यांच्या मळ्यांत रोग्यांसाठीं सोय केली होती, व सावित्रीबाई तेथें स्वतः रोगी आणीत. गांवाबाहेर, मोकळ्या हवेंत, रोग्यास वेगळें ठेवणें हेंच त्यांनींहि केलें. टिळकांनीं व इतर मंडळींनीं पुण्यांत हिंदु प्लेग इस्पितळ काढलें, तेथेंहि रोगी घरापासून दूरच राहत. दोन्ही ठिकाणीं पृथक्करण होतें. पण नेणारें माणूस ओळखीचें होतें, आणि रोग्याची खबर घरीं कळत होती. सुधारणेच्या व राजकारणाच्या बाबतींत सावित्रीबाई आणि टिळक यांचे मार्ग किती भिन्न होते हें सांगावयास नको. तरी या एका प्रश्नावर दोघांच्या कृतीची साक्ष एकच आहे, आणि ती "लोक निर्बंधाच्या विरुद्ध होते" या सरकारी सिद्धांतास बाध आणणारी आहे. टिळकांनीं तर साथीच्या काळांत गांव सोडून गेलेल्या पुढाऱ्यांस दोष दिला व स्वतः शहरांत राहिले.

(६)

आतां तक्रारींकडे वळूं. सोल्जर घरांत शिरून वाटेल तसे वागतात, स्त्रियांस उघड्यावर तपासतात, सामान नाहक जाळतात किंवा उचलून नेतात, अशीं गाऱ्हाणीं 'केसरी' व 'मराठा' या पत्रांत आलीं. 'सुधारक' पत्राचें टिळकांशीं हाडवैर असूनहि त्यानें याच स्वरूपाची टीका केली. पंडिता रमाबाई या तर पुण्याच्या सनातनी मंडळींच्या सर्वस्वीं विरुद्ध पक्षाच्या. त्यांनीं मे १८९७ मध्यें 'बाँबे गार्डियन' पत्रास लिहून प्लेगच्या इस्पितळांत स्त्रियांच्या अब्रूची काळजी घेतली जात नाहीं अशी तक्रार केली, व गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनीं ती जाहीरपणें नाकारली. एकमेकांचें तोंड न पाहणारे तीन पक्ष एकाच गोष्टीबद्दल एकाच सुमारास बोलतात, तेव्हां तिला पक्षीय ओरड म्हणून बाजूस सारतां येत नाहीं.

याउलट रँड यांच्या अहवालांत, स्त्रीची मर्यादा जाणून बुजून भंगल्याची विश्वासार्ह अशी तक्रार कमिटीकडे अगर सैन्याच्या अधिकाऱ्यांकडे आली नाहीं, याबद्दल समाधान व्यक्त केलें आहे. हें विधान खोटें होतें असें म्हणण्याचें कारण नाहीं. कदाचित् तें अक्षरशः खरें असेल. परंतु तक्रार न येणें हें जुलूम नसल्याचें प्रमाण केव्हां होतें? तक्रार करण्यास दार असेल, तें उघडें असेल, आणि त्या दारांतून गेलेला मनुष्य सुखरूप परत येतो असा लोकांस अनुभव असेल, तेव्हांच. येथें ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडेच ती करावयाची होती. ज्या सोल्जराचें नांव किंवा नंबर घरच्या माणसांस ठाऊक नाहीं, त्याच्याविरुद्ध पुरावा द्यावयाचा होता. आणि ज्या स्त्रीवर प्रसंग ओढवला, तिनें तो चारचौघांत उच्चारावयाचा होता. न्यायशास्त्रांत अनुपलब्धीला प्रमाण मानणारेहि योग्य अशीच अनुपलब्धि मागतात. अंधारांत घट दिसला नाहीं, एवढ्यावरून घट नाहीं असें सिद्ध होत नाहीं.

गोपाळ कृष्ण गोखले यांचें प्रकरण याच दृष्टीनें पुनः वाचण्यासारखें आहे. ते त्या वेळीं विलायतेंत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विश्वासून त्यांनीं 'मँचेस्टर गार्डियन' पत्रांत सोल्जरांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप केला. परत आल्यावर, ज्यांनीं पत्रें लिहिलीं ते पुराव्यानिशीं पुढें येईनात, तेव्हां गोखल्यांनीं बिनशर्त माफी मागितली. त्या माफीबद्दल त्यांची जन्मभर हेटाळणी झाली. सरकारनें तिचा अर्थ "जुलूम झालाच नाहीं" असा केला, तर विरोधकांनीं "गोखले भ्याले" असा केला. खरें पाहतां ती माफी, सिद्ध करतां न येणारा आरोप मागें घेण्याचा प्रामाणिकपणा होता. आणि तो आरोप सिद्ध कां करतां आला नाहीं, याचें उत्तर त्या कायद्याच्या चौथ्या कलमांत व साक्षीदारांच्या भीतींत शोधावयास हवें.

ती भीति निराधार नव्हती. पुण्याचे सरदार बाळासाहेब व तात्यासाहेब नातू हे बंधु तक्रारी मांडणारांत पुढें होते. १८९७ च्या जुलै महिन्यांत १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनाखालीं, कोणताहि आरोप न ठेवतां व चौकशी न करतां, त्यांस अटकेंत टाकण्यांत आलें, व १८९९ पर्यंत त्यांची सुटका झाली नाहीं.

(७)

ता. २२ जून १८९७ च्या रात्रीं, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीहून परत येतांना रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर दामोदर व बाळकृष्ण चापेकर यांनीं गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागच्या जागीं ठार झाले, रँड ता. ३ जुलै रोजीं वारले. हा प्रसंग सर्वश्रुत असल्यानें विस्तार करीत नाहीं. दोनच गोष्टी नोंदवितों. पहिली, झडत्यांचें काम १९ मे रोजींच संपलें होतें. तेव्हां या वधानें एकहि झडती थांबली नाहीं. दुसरी, दामोदर चापेकर यांचें तुरुंगांत लिहिलेलें आत्मवृत्त १९७४ सालीं छापून प्रसिद्ध झालें आहे. तें वाचतां त्यांचा रोष प्लेगपुरताच नसून परकी राज्य, नवें शिक्षण व सुधारक या सर्वांवर पूर्वींपासून होता, असें दिसतें. मुंबईंतील राणीच्या पुतळ्यास डांबर फासण्याचें कृत्य त्यांनीं प्लेगकमिटी जन्मास येण्यापूर्वींच केलें होतें. म्हणून प्लेगच्या जुलमांतूनच तो वध निघाला हें विधान अर्धें खरें आहे. परंतु एवढें मात्र खरें, कीं ज्या गांवांत सामान्य मनुष्यास आपलें गाऱ्हाणें सरकारदरबारीं पोंचेल अशी आशा उरत नाहीं, त्या गांवांत पिस्तुलाचा आवाज पुष्कळांस आपलाच आवाज वाटूं लागतो. त्या प्रकरणांत तीन चापेकर बंधु व महादेव रानडे फांसावर गेले; आणि टिळकांस 'केसरी'तील लेखांबद्दल ता. १४ सप्टेंबर १८९७ रोजीं दीड वर्षांची सक्तमजुरी झाली.

आणि प्लेग? तो उन्हाळ्यांत ओसरला, तो पुष्कळ अंशीं ऋतुमानानें. व त्याच सालच्या पावसाळ्यापासून पुनः उसळला. ही दुसरी साथ पुण्यांत पहिलीहून अधिक भयंकर झाली.

(८)

झडत्या इतक्या कडक असून निष्फळ कां झाल्या, याचें उत्तर शास्त्रानें लवकरच दिलें. प्लेगचा जंतु येर्सिननें १८९४ सालींच हाँगकाँग येथें शोधला होता. पण तो माणसांत कोणत्या वाटेनें येतो हें १८९७ सालीं ठाऊक नव्हतें. १८९८ सालीं सिमों या फ्रेंच डॉक्टरानें कराचीस प्रयोग करून उंदरावरील पिसू हें वाहन असल्याचें दाखविलें. आरंभीं त्याची थट्टा झाली; पण १९०५ पासून मुंबईस परळ येथें काम करणाऱ्या संशोधनमंडळानें तें निश्चित केलें. अर्थात् गांठीच्या प्लेगचा रोगी, त्याचीं फुफ्फुसें बिघडलीं नसतील तर, शेजाऱ्यास फारसा धोक्याचा नसतो. धोका त्याच्या घरांतील उंदीर व पिसवांपासून. सोल्जरांनीं माणसें शोधलीं व नेलीं. ज्यांस शोधावयास हवें होतें ते उंदीर एका घरांतून दुसऱ्या घरांत गेले. आणि उंदीर पडतांच घर सोडून माळावर जाणारा कुणबी, कारण न कळतां, बरोबर वागत होता. पुढें सरकारनेंहि गांव खालीं करणें हा उत्तम उपायांपैकीं एक म्हणून स्वीकारला. सुश्रुताच्या यादींतला तो पहिला शब्द, "स्थानपरित्याग", असा दोन वाटांनीं खरा ठरला.

सरकारचें धोरणहि बदललें, व तें बदलण्याची रीत बोधप्रद आहे. ता. ९ मार्च १८९८ रोजीं मुंबईंत मदनपुऱ्यांतील मुसलमान विणकरांच्या वस्तींत, एका आजारी मुलीस नेण्याच्या प्रयत्नावरून, मोठा दंगा झाला. त्यानंतर कलकत्त्यास साथ दिसली, तेव्हां बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर होते सर जॉन वुडबर्न; वर्षापूर्वीं ज्यांनीं कायदा मांडला तेच. त्यांनीं कोणासहि सक्तीनें इस्पितळांत नेणार नाहीं असें जाहीर केलें. ज्यानें कुलूप घडविलें त्यानेंच तें सैल केलें. परंतु तें त्याच्या मर्जीनें, कायद्याच्या हुकमानें नव्हे. कायदा जसाच्या तसा राहिला. हाफकीन यांनीं ता. १० जानेवारी १८९७ रोजीं स्वतःस टोचून घेऊन सिद्ध केलेली लसहि पुढें लोकांच्या खुषीवर ठेवण्यांत आली. प्लेग मात्र गेला नाहीं. पुढील दोन दशकांत त्यानें हिंदुस्थानांत कोटीच्या आसपास माणसें नेलीं. तेव्हां सक्ती सोडल्यानें रोग गेला, असेंहि कोणी म्हणूं नये.

(९)

लोकांस निर्बंधच नको होते, या मताची उलट कसोटी १९१८ सालीं लागली. त्या वर्षीं जूनमध्यें मुंबईच्या बंदरांतून इन्फ्लुएंझाची साथ शिरली. ती विषाणूची, पण मनुष्यांतील तो विषाणु हातीं लागला १९३३ सालीं. पावसाळा सरतां सरतां तिची दुसरी लाट आली, व ता. ६ ऑक्टोबर रोजीं एकट्या मुंबई शहरांत ७६८ माणसें मेलीं. देशांतील मृत्यूंची गणना त्या वेळच्या अंदाजानेंहि सव्वा कोटीच्या घरांत जाते. या वेळीं सरकारनें घरें झडलीं नाहींत कीं कँप घातले नाहींत. महायुद्धामुळें डॉक्टर कमी, आणि १८९७ ची आठवण ताजी. मग लोक संतुष्ट होते काय? मुळींच नाहीं. सरकारनें आम्हांस वाऱ्यावर सोडलें, हीच वर्तमानपत्रांची तक्रार होती. औषध, दूध व पांघरुणें घरोघर पोंचविण्याचें काम सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनीं व जातीजातींच्या मंडळांनीं केलें. एकवीस वर्षांपूर्वीं सरकार घरांत शिरलें म्हणून जे रागावले, तेच आतां सरकार दाराशींहि आलें नाहीं म्हणून रागावले. आणि दोन्ही वेळां त्यांचें म्हणणें एकच होतें, कीं आमच्याकडे माणूस म्हणून पाहा.

(१०)

२०२० च्या घडामोडी वाचकांच्या डोळ्यांसमोर घडलेल्या आहेत. ता. ९ मार्च रोजीं पुण्यांत महाराष्ट्रांतले पहिले रोगी आढळले. चारच दिवसांनीं कायदा लागू झाला. ता. २४ मार्चच्या मध्यरात्रीं सर्व देश बंद झाला, आणि पायीं गांवाकडे निघालेल्या मजुरांच्या रांगा रस्त्यांवर दिसल्या. १८९६ सालीं मुंबई सोडून निघालेल्या कामगारांची आठवण त्या पाहून कोणास झाली नसेल? फेब्रुवारी २०२१ मध्यें आंकडे पुनः वाढतांच अमरावतीस, व एप्रिलमध्यें सर्व राज्यांत, नवे निर्बंध आले. तेव्हां दुकानदारांनीं, हातावर पोट असणारांनीं व रोग्यांच्या आप्तांनीं निरनिराळ्या तक्रारी केल्या. या वेळीं रोग खरोखरच माणसापासून माणसास होणारा होता, म्हणून अंतर ठेवण्यास जो शास्त्राधार होता तो १८९७ सालीं नव्हता. शिवाय न्यायालयें उघडीं होतीं, आणि निवडून आलेल्या प्रतिनिधींस जाब विचारतां येत होता. हा भेद लहान नव्हे. तो न मानतां दोन्ही काळ एका मापानें मोजणें अन्यायाचें होईल.

परंतु कायदा तोच होता. सप्टेंबर २०२० मध्यें त्यांत दुरुस्ती झाली ती डॉक्टर, परिचारिका इत्यादि सेवकांवर हल्ले करणारांस कडक शिक्षा देणारी. ती अवश्य होती. आर्थर रोडच्या हल्ल्याची हकीकत ज्यानें वाचली आहे तो तिला नांवें ठेवणार नाहीं. मात्र चौथें कलम जसेंच्या तसें राहिलें. विधि आयोगानें २०२४ मधील आपल्या २८६ व्या अहवालांत हा कायदा अपुरा असल्याचें सांगून त्यांत मोठे फेरफार अगर नवा कायदा सुचविला आहे.

त्या विचारास इतिहासाकडून एकच गोष्ट सुचवावीशी वाटते. साथीच्या वेळीं अधिकार लागतो, तो त्वरित लागतो, व कधीं कधीं कठोर लागतो. हें सावित्रीबाईंच्या मळ्यापासून टिळकांच्या इस्पितळापर्यंत सर्वांनीं कृतीनें मान्य केलें आहे. परंतु राज्यकर्त्याचें ज्ञान त्या घटकेस अपुरें असूं शकतें. १८९७ सालीं तें अपुरेंच होतें, आणि उंदीर पडत असल्याची खबर लोकांपाशीं होती. दाद ऐकण्याची सोय ही केवळ रयतेवरील कृपा नव्हे; सरकारास स्वतःची चूक कळण्याची तीच एक वाट आहे. ती बुजविल्यामुळें पुण्यांत अहवाल लिहिणारास "तक्रार नाहीं" असें समाधानानें लिहितां आलें, आणि ते समाधानाचे शब्द लिहिणारा अधिकारी छापील अहवाल पाहण्यास उरला नाहीं. पुढील कायदा करणारांनीं अधिकाराचें कलम लिहितांना त्याच्याच शेजारीं दादीचें कलम लिहावें. कोणाकडे, किती दिवसांत, आणि न ऐकल्यास पुढें कोठें, हें साध्या मराठींत, घरोघरच्या बाईमाणसास वाचतां येईल अशा अक्षरांत लिहावें. जनपदाचा उद्ध्वंस वायु आणि उदक यांनीं होतो, तितकाच मुख्यांच्या प्रज्ञापराधानेंहि होतो, हें आत्रेयांनीं सांगून ठेविलेंच आहे.